आखाड्यावर दोन अँप: मार्शल २२०४ आणि बूगी मार्क थ्री

२१ नोव्हेंबर

पुण्याहून मार्शल अँप (गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र) आला. २० डिसेंबरला परत पाठवायचा आहे, म्हणजे हातात बरोबर महिना.

बँडच्या पाच मराठी गाण्यांचं रेकॉर्डिंग वर्षभर एकाच गोष्टीवर अडलं आहे: र‍्हिदम गिटारचा आवाज. मी मार्शलच्या बाजूचा, दुसरा गिटारवाला बूगी नावाच्या दुसऱ्या अँपच्या. दोघांनीही हे अँप ऐकले ते दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये, नाहीतर कॉम्प्युटरवरच्या नकलेत. आता दोन्ही खरे अँप एका छपराखाली आले आहेत.

मार्शल म्हणजे जेसीएम८०० मालिकेतला २२०४, ५० वॅट, १९८४ चा, शेवटी दोन ईएल३४ व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या. जेसीएम८०० हे नाव १९८१ पासूनचं. आतलं सर्किट त्याही आधीचं, सत्तरच्या दशकातलं. बूगी आहे मार्क थ्री. कॅलिफोर्नियात रँडल स्मिथच्या मेसा कंपनीने ती १९८५ ते १९८९ या काळात बनवली. आतेभावाने तिकडून परतताना आणली आणि नऊ वर्षं कपाटावर ठेवली. आत्याने वरून गोधडी घालून ठेवली होती, त्यामुळे धूळ नाही.

परभणीतल्या घरी ५० वॅटचा व्हॉल्व्ह अँप मोकळा सोडणं शक्य नाही. म्हणून गंगाखेड रस्त्यावरचा आमचा आखाडा, म्हणजे शेतावरचं ठिकाण. पत्र्याची शेड आहे, पण यंदा दोन वेचण्यांचा कापूस आत पडलाय. भाव वाढेल म्हणून अप्पांनी विकला नाही. तीन भिंतींना पत्र्यापर्यंत ढीग. टाळी वाजवली तर आवाज जिथल्या तिथे मरतो. एवढी मेलेली खोली पैसे देऊनही मिळाली नसती.

अप्पांची अट: अँप आणि कापूस यांच्यात पंधरा फूट अंतर, शेजारी वाळूच्या दोन बादल्या. रास्त अट. व्हॉल्व्हच्या काचेला बोट लावून पाहिलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

२४ नोव्हेंबर

नऊ वर्षं बंद असलेली बूगी थेट प्लगमध्ये घालणं म्हणजे फिल्टर कपॅसिटर (वीज साठवून सपाट करणारे भाग) फोडायला निमंत्रण. इतकी वर्षं पडून राहिले की आतला ऑक्साइडचा थर विरतो. व्होल्टेज हळूहळू चढवलं तर तो पुन्हा धरतो. त्यासाठी डिमरस्टॅट हवा, म्हणजे हाताने फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र. तो मोटारी रिवाइंड करणाऱ्या काकांकडे मिळाला. बूगीसाठी २३० चे ११५ करणारा स्टेप-डाऊनही त्यांनीच भरून दिला, ५०० व्हीएचा.

मी विचारलं, ‘‘काका, अँप अमेरिकेतला आहे, साठ सायकलचा. आपल्या पन्नासवर चालंल का?’’

‘‘चालंल. पण तापंल. साठसाठी भरलेला कोअर पन्नासला कमी पडतो. घंटाभर सलग नको चालवू.’’

नेमकं हेच. तेवढ्याच व्होल्टेजला फ्रिक्वेन्सी कमी झाली की कोअरमधला चुंबकीय फ्लक्स वाढतो आणि ट्रान्सफॉर्मर सॅच्युरेशनच्या, म्हणजे कोअर आणखी चुंबकत्व घेईनासा होतो त्या अवस्थेच्या, जवळ सरकतो. दर चाळीस मिनिटांनी बूगी बंद करायची, असं ठरवलं.

सिरीज बोर्डवर १०० वॅटचा बल्ब लावून (म्हणजे अँपची वीज बल्बमधून जाईल), डिमरस्टॅट ४० व्होल्टपासून चढवत नेला. चार तास लागले. बल्ब सुरुवातीला जरा उजळला, मग मंदावला. धूर नाही, वास नाही. स्पीकर पहिल्यापासून जोडलेला होता. लोड नसताना व्हॉल्व्ह अँप चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच जातो. आखाड्याच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा होता, पण वर्षभर पाणी नव्हतं. दोन हंडे ओतले.

२६ नोव्हेंबर

मार्शल उघडला. आत ४०० व्होल्टच्या वर असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये उरतात. एक हात खिशात, दुसऱ्या हाताने रेझिस्टर लावून रिकामे केले, मीटरवर शून्य पाहिलं, मगच पुढे.

बायस, म्हणजे कुणी वाजवत नसतानाही व्हॉल्व्हमधून वाहणारा प्रवाह, मोजायला प्रत्येक ईएल३४ च्या कॅथोडला (व्हॉल्व्हच्या एका टोकाला) एक ओहमचा रेझिस्टर टाकला. म्हणजे जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँप. डिमरस्टॅट २४० वर, प्लेटला (दुसऱ्या टोकाला) ४४० व्होल्ट. ईएल३४ ची मर्यादा २५ वॅट, तिच्या सत्तर टक्के म्हणजे १७.५, हिशेबाने ४० मिलिअँपच्या आत राहायचं. मला एक २९ वर आणि दुसरा ३१ वर सापडला, थंड, म्हणजे प्रवाह कमी. प्रीसेट (आतलं छोटं बटण) फिरवून ३६ च्या आसपास आणले. बूगीत असा प्रीसेटच नाही. मेसावाले बायस कायमचा ठरवून देतात आणि त्याला जुळतील असे व्हॉल्व्ह निवडतात. तिचे ६एल६ आहेत तसेच ठेवले.

बूगीच्या १२एएक्स७ या एका छोट्या व्हॉल्व्हवर पेन्सिलने टिचकी मारली तर स्पीकरमधून घंटेसारखा आवाज आला. बदलला.

डिमरस्टॅट काकांना परत दिला. (ही चूक होती. पुढे ३ डिसेंबर पाहा.)

२९ नोव्हेंबर

पहिलं ऐकणं. मोजमाप काही नाही, फक्त वाजवलं. कॅब (स्पीकरची पेटी) एकच: दोन सेलेस्टियन व्हिंटेज थर्टी, १६ ओहमचे दोन समांतर जोडून ८ ओहम. मार्शलला ८ आहे, बूगीलाही ८ आहे.

मार्शलवर मोकळा ई पॉवर कॉर्ड (ई आणि बी हे स्वर एकत्र) मारला आणि पँटचा कापड हलला. दुसऱ्या गिटारवाल्याने बूगीच्या लीडवर (सोलोसाठीच्या चॅनलवर) एकच स्वर धरला, तो विझेचना. आम्ही बराच वेळ एकमेकांशी बोललोच नाही. हे यंत्र इतकी वर्षं कपाटावर झोपलं होतं याचं खरंच वाईट वाटलं.

३० नोव्हेंबर ते २ डिसेंबर

तीन रात्री रेकॉर्डिंग. हाताचा फरक काढून टाकण्यासाठी गिटार आधी एकदाच डीआयमधून (अँपशिवाय थेट) कोरी रेकॉर्ड केली: तीन रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे तुकडे), एक सोलो. तीच फाइल रीअँप बॉक्समधून दोन्ही अँपना द्यायची. म्हणजे पिकचा (तारा छेडायच्या पत्रीचा) प्रत्येक फटका दोघांना सारखाच. माईक एसएम५७, डस्ट कॅपच्या (स्पीकरच्या मधल्या टोपीच्या) कडेवर, जाळीपासून एक इंच. फरशीवर खडूने आणि कॅबवर चिकटपट्टीने खुणा केल्या.

संध्याकाळी सात ते नऊ मार्शल. जेवण. अकरानंतर बूगी. असं तिन्ही रात्री.

वहीत तेव्हा लिहिलेला निष्कर्ष: ‘मार्शल मऊ, ढिला, फटका दिल्यावर दबतो आणि मग उठतो. बूगी घट्ट, तुकतुकीत, जागच्या जागी थांबते.’

३ डिसेंबर

तिन्ही रात्रींचं काम बाद.

आज संध्याकाळी साडेसातला शेडमधली ट्यूब पकडेना, नुसती फडफडत राहिली. सहज प्लगला मीटर लावला: १९८ व्होल्ट. बाहेर चारी बाजूंना मोटारी चालू, गव्हाला पाणी सुटलेलं, आणि सगळे एकाच डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर. अकरा वाजता मोटारी बंद झाल्यावर पुन्हा पाहिलं: २४१.

म्हणजे तिन्ही रात्री मी उपाशी मार्शलची तुलना पोट भरलेल्या बूगीशी करत होतो. २४० वर ६.३ व्होल्ट मिळणारा हीटर (व्हॉल्व्हला आतून तापवणारी तार) १९८ वर ५.२ वर येतो. प्लेटचे ४४० उतरून ३६० च्या घरात जातात. व्होल्टेज असं पडलं की पॉवर व्हॉल्व्ह लवकर दमतो, हेडरूम (आवाज फुटण्याआधीची मोकळी जागा) कमी होते, फटका दबतो. ज्याला मी मार्शलचा स्वभाव म्हणून लिहून मोकळा झालो, त्यातला मोठा भाग आमच्या डीपीचा होता.

मला याचं फार लागलं. इथेच वाढलो, व्होल्टेज पडतं हे लहानपणापासून पाहतोय. मोटार जळू नये म्हणून अप्पा स्टार्टरवरचा मीटर बघूनच बटण दाबतात. आणि मी साधा मीटर लावला नाही.

६ डिसेंबर

डिमरस्टॅट पुन्हा आणला, या वेळी महिनाभरासाठी. नवा नियम: प्लगचं व्होल्टेज बघायचंच नाही, व्हॉल्व्हच्या हीटरचं बघायचं. दोन्ही अँपमध्ये हीटरला ६.२ व्होल्ट येतील तिथे डिमरस्टॅट थांबवायचा, दर टेकच्या (एकेका रेकॉर्डिंगच्या) आधी वहीत आकडा लिहायचा. काम फक्त मोटारी बंद झाल्यावर. पहाटे तीनपर्यंत जागायची तयारी.

पहिल्याच रात्री मार्शल वेगळा निघाला. बराच ताठ. तरी बूगीइतका नाही. थोडा ढिलेपणा अजून आहेच, आणि आता तो विजेच्या माथी मारता येत नाही.

८ डिसेंबर

बँडमधल्या तिघांना बोलावून फाइली ऐकवल्या, नावं न सांगता. तिघांनीही बूगी निवडली. दुसरा गिटारवाला खूश झाला. मग पातळी मोजली तर बूगीची फाइल १.४ डेसिबलने मोठी. लाउडनेस जुळवून, फरक ०.२ च्या आत आणून, त्याच फाइली पुन्हा ऐकवल्या. तिघांपैकी दोघं मार्शलकडे वळले.

दीड डेसिबलला ‘मोठा’ कुणी म्हणत नाही. त्याला ‘भरीव’, ‘जिवंत’ असे शब्द येतात. कानाची ही खोड जुनीच माहीत आहे. आवाज कमी केला की खालचे स्वर आधी हरवतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं. यापुढे न जुळवलेली एकही फाइल कुणाला ऐकवायची नाही.

११ डिसेंबर

आज दोन्हींचे सर्किट डायग्राम शेजारी पसरून बसलो, आणि जे इतके दिवस कानाला जाणवत होतं ते कागदावर दिसलं.

मार्शलमध्ये गिटारचा सिग्नल पहिल्या स्टेजमधून (सिग्नल वाढवणाऱ्या टप्प्यातून) गेनच्या पॉटवर, म्हणजे पुढे किती सिग्नल सोडायचा ते ठरवणाऱ्या बटणावर जातो. मग दुसरी स्टेज. तिच्या कॅथोडला १० किलोओहमचा रेझिस्टर आहे, बायपास कपॅसिटर नाही. इतका मोठा रेझिस्टर असला की व्हॉल्व्ह मुद्दाम थंड बसतो आणि लहरीची एक बाजू दुसरीच्या आधी कापतो. त्या मार्शलच्या भुंकण्याचं मूळ बरंचसं इथे आहे. मग तिसरी स्टेज, मग कॅथोड फॉलोअर (सिग्नल न वाढवता पुढे देणारा टप्पा), आणि हे सगळं झाल्यावर शेवटी बास, मिडल, ट्रेबल.

बूगीत ही तीन बटणं पहिल्या स्टेजच्या लगेच पुढे आहेत, गेनच्या आधी. लीडच्या जास्तीच्या स्टेज त्यानंतर. आणि त्याही नंतर पाच पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर: ८०, २४०, ७५०, २२००, ६६०० हर्ट्झ.

म्हणजे दोन्हींवर ‘बास’ लिहिलेलं बटण आहे, पण काम वेगळं. तिखट फोडणीत घातलं तर तेलाला लागतं आणि सगळ्या भाजीत उतरतं; वरून भुरभुरलं तर वरच राहतं. बूगीचं बटण फोडणीतलं, मार्शलचं वरचं. बूगीत ते ठरवतं की डिस्टॉर्शनमध्ये (आवाज मुद्दाम फोडला जातो तिथे) जायचं काय. मार्शलमध्ये फुटून आलेल्या आवाजातलं ठेवायचं किती, एवढंच.

लगेच करून पाहिलं. मार्शलचा बास ३ वरून ८ वर नेला: आवाज जाड झाला, पण पाम म्यूटचा (तळहाताने तारा दाबून वाजवलेल्या फटक्याचा) दाणा तोच राहिला. बूगीचा बास २ वरून ७ वर: रिफच ओळखू येईना. पावसाळ्यात आमच्या काळ्या रानातून चालताना पायाला माती चिकटत जाते आणि पाय उचलेनासा होतो, तसा एकेक स्वर पुढच्याला चिकटला.

कारणही सरळ आहे. खालचा ई म्हणजे ८२.४ हर्ट्झ, त्यावरचा बी १२३.५. दोन्ही एकत्र डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या वजाबाकीचा, ४१ हर्ट्झचा, तिसरा स्वर तयार होतो. गिटारवर तो कुणी वाजवलेलाच नसतो. खालचा भाग जितका जास्त आत पाठवाल तितका हा पाहुणा माजतो. तो खालचा भाग आधीच कमी केला तर रिफ घट्ट, आणि हवी असलेली जाडी नंतर ८० च्या पट्टीने परत आणता येते. मार्क मालिकेवर बास दोन-तीनवर ठेवून ग्राफिकचा इंग्रजी ‘व्ही’ करायची (मधली पट्टी खाली, कडेच्या वर) रीत आहे, तिच्यामागचं कारण आज मला पटलं. इतकी वर्षं मी तिला फॅशन समजत होतो.

मार्शल खालचा भाग अगदीच मोकळा सोडतो असं नाही. पहिल्या स्टेजच्या कॅथोडचा ०.६८ मायक्रोफॅरड वरच्या स्वरांना जास्त उचलतो. पण तो तिथे कायमचा जोडलेला आहे, वाजवणाऱ्याच्या हातात काही नाही.

आता सिद्ध करायचं ते हे: मार्शलच्या आधी बास कापला, तर तो ढिलेपणा जातो का?

१३ डिसेंबर

कापूस गेला. व्यापाऱ्याचा टेम्पो सकाळी सातला आला, अप्पांना भाव बरा वाटला. आनंदाचीच गोष्ट आहे. शेड मात्र रिकाम्या डब्यासारखी झाली. खोकललो तरी पत्रा बोलतो.

घरातल्या सगळ्या वाकळा, आत्याकडच्या चार गोधड्या आणि कडब्याच्या पेंढ्या भिंतींना लावल्या. कापसाच्या पासंगालाही पुरत नाहीत. माईक एका इंचावर असल्याने रेकॉर्डिंगमध्ये खोली फारशी येत नाही, पण आखाड्यावर कानाने ऐकून मत द्यायचं आता बंद. मत फक्त हेडफोनवर.

१४ डिसेंबर

परीक्षा. मार्शलच्या आधी हिरवं ओव्हरड्राइव्ह पेडल (गिटार आणि अँपच्या मधे जोडायची पायाने दाबायची डबी), ट्यूब स्क्रीमर टीएस९. ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण. या पेडलमध्ये ४.७ किलोओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड अशी जोडी आहे. हिशेब केला तर ७२० हर्ट्झ येतो, आणि त्याच्या खालच्या स्वरांना क्लिपिंगच्या (लहर कापणाऱ्या) स्टेजमध्ये गेन कमी कमी मिळत जातो. म्हणजे बूगीचा आतला डाव, बाहेरून.

पहिल्याच पाम म्यूटला उत्तर मिळालं. फटका आला, थांबला, मागे काही रेंगाळलं नाही.

मग दुसऱ्या गिटारवाल्याची परीक्षा, त्याच्याच आग्रहाने. नुसता मार्शल आणि बूगी: दहापैकी दहा ओळखले. पेडलवाला मार्शल आणि बूगी, रिफ एक: दहापैकी सहा. तो हेडफोन काढून बराच वेळ मार्शलकडे बघत राहिला.

सोलोवर मात्र दहापैकी नऊ. लांब धरलेल्या स्वराला बूगीची लीड जशी तोलून धरते तसं मार्शलला पेडल लावूनही जमत नाही. तिथे स्टेजच जास्त आहेत, पेडल तेवढं भरून काढत नाही. उलट पिक तारेला लागतानाचा तो वरच्या मधल्या पट्टीतला टणका बूगीकडून मिळत नाही. ईएल३४ आणि ६एल६ चा भेद यात किती, थंड स्टेजचा किती, हे मला वेगळं काढता आलेलं नाही. व्हॉल्व्हची अदलाबदल या अँपमध्ये करणार नाही. दोन्ही दुसऱ्यांचे आहेत.

१७ डिसेंबर

परभणीत ड्रमरच्या घरी. पाचही गाण्यांच्या कच्च्या ड्रम आणि बास गिटारवर दोन्ही आवाज बसवून पाहिले.

एकटी ऐकताना सगळ्यात देखणी वाटलेली बूगी, ७५० ची पट्टी तळाला नेलेली, ड्रम सुरू होताच दिसेनाशी झाली. खाली बास गिटार, वर झांजा, आणि गिटारने आपली मधली जागा स्वतःच सोडून दिलेली. ड्रमर मिरवणुकीत हलगी वाजवतो. तो म्हणाला, ‘‘हलगी शेकल्याशिवाय वाजवल्यावानी वाटायलंय. आवाज हाय, पण भायेर येईना. मधलं वर घे बघू.’’ ७५० मध्याच्या जरा खालीपर्यंत उचलली आणि बूगी ड्रमच्या पुढे येऊन उभी राहिली. एकटी ऐकली तर आता ती तितकी सुंदर नाही. गाण्यात आहे.

पेडलवाल्या मार्शलला काहीच करावं लागलं नाही, तो मधेच राहतो. गाणाऱ्याचे शब्द मात्र त्याच जागेत येतात, ‘च’ आणि ‘ट’ चे काठ झाकले जातात. मार्शलचा प्रेझेन्स (वरच्या स्वरांची धार ठरवणारं बटण) ६ वरून ४ वर आणला तेव्हा शब्द ऐकू आले.

ठरलं ते असं. तीन वेगवान गाण्यांना पेडलवाला मार्शल, दोन्ही बाजूंना, दोनदा वेगवेगळा वाजवून. दुष्काळावरच्या संथ गाण्याला नुसता मार्शल, पेडल नाही, डिमरस्टॅट मुद्दाम २१० वर. तो दबून उठणारा फटका त्या गाण्याला शोभतो, आणि तो आमच्या डीपीने दिलेला आहे. सगळे सोलो बूगीवर. पाचव्या गाण्यावर अजून भांडण आहे.

१९ डिसेंबर

मार्शलचे सगळे टेक झाले. शेवटचा पहाटे सव्वादोनला, हीटर ६.२. बूगीचे दोन सोलो बाकी, ती इथेच आहे.

२० डिसेंबर

मार्शल खोक्यात. व्हॉल्व्ह काढून कापसात गुंडाळले. अप्पांनी एक पोतं वातीसाठी ठेवलं होतं, त्यातला कापूस. बायस ३६, तारीख आणि टाकलेल्या दोन रेझिस्टरची जागा कागदावर लिहून मागच्या जाळीच्या आतून चिकटवली, म्हणजे पुढच्या उघडणाऱ्याला शोधावं लागणार नाही. रात्रीच्या गाडीने पुण्याला.

डिमरस्टॅट अजून परत दिलेला नाही. काकांना सांगितलंय, जानेवारीपर्यंत लागेल.